वर्गानंतरचे दहा दिवस

पाकिटावर दोघांची नावं होती म्हणूनच रत्नप्रभेनं ते फोडलं. एरवी वसंतरावांचं टपाल ती न उघडता त्यांच्या टेबलावर ठेवून देई, आणि वीस वर्षांच्या संसारात हा नियम मोडावा असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण हे पत्र नैनितालहून आलेलं, साहजींच्या लॉजमधलं. गेले पंधरा दिवस घरात नैनितालशिवाय दुसरं बोलणं नव्हतं: गरम कपडे कोणते घ्यायचे, मुलगी अलका साताऱ्याला मावशीकडे आहे तिला बोलवायचं की राहू द्यायचं, आणि मुख्य म्हणजे तिथे राहायचं किती दिवस. हा शेवटचा प्रश्न रोज रात्रीच्या जेवणाला निघे आणि ताक संपता संपता विरून जाई. एकसष्ट सालचा मे महिना चालू होता. जयपूरच्या बनीपार्कातल्या त्यांच्या वरच्या मजल्याच्या घरात दुपारी भिंतींना हात लावता येत नसे आणि वाळ्याच्या पडद्यावर तासातासाला पाणी मारावं लागे. हातातला तांब्या खिडकीत ठेवून तिनं उभ्याउभ्याच पत्र वाचलं. विमा कंपनीतल्या नवऱ्याच्या बदल्यांनी तिला हिंदी बोलण्यापेक्षा वाचायला जास्त शिकवलं होतं. खोली रिकामी आहे, तल्लीतालच्या, म्हणजे तलावाच्या खालच्या टोकाच्या बाजूची आहे, खिडकीतून तलाव दिसतो, असं लिहून साहजींनी पुढे लिहिलं होतं, “पिछली बार तो आप वर्ग समाप्त होते ही, आठवें दिन, सबके साथ चले गये थे, ताल भी ठीक से नहीं देखा। इस बार कितने दिन ठहरियेगा, लौटती डाक से लिखें।”

ती ओळ तिनं पुन्हा वाचली. मग पडद्याला पाणी मारायचं राहिलंय हे आठवून तांब्या उचलला, पाणी मारलं, आणि ओल्या वाळ्याचा वास नाकात भरत असतानाच तिनं बोटांवर दिवस मोजले. आठव्या दिवशी. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं अधिकाऱ्यांचा वर्ग नैनितालला भरवला तेव्हा वसंतराव गेले होते ते जाण्यायेण्यासकट एकवीस दिवसांनी परत आले होते. आठ दिवसांचा वर्ग होता हे खरं, पण ते परतायच्या सुमारास त्यांचं कार्ड आलं होतं: वर्ग वाढवला आहे, अजून दहा दिवस लागतील, काळजी करू नये. मग ते दहा दिवस हा माणूस होता कुठे?

बिस्किटांच्या जुन्या डब्यातून तिनं कार्डं काढली. ती ठेवली आहेत हे तिला माहीत होतं, का ठेवली आहेत हे मात्र आत्ता हातात घेताना कळेना. त्या दहा दिवसांतली चार कार्डं होती. आज सकाळी तलाव अगदी हिरवा दिसत होता, काठावरच्या झाडांच्या फांद्या पाण्याला टेकल्या आहेत. आज होड्यांची शिडं उघडली होती, पांढरी. काल संध्याकाळी धुकं इतकं उतरलं की पलीकडचा काठ दिसेना, मग एकदम सगळं वर उचललं गेलं आणि पाणी तेवढं राहिलं. एरवी दोन ओळींत ख्यालीखुशाली संपवणाऱ्या माणसानं लिहिलेलं हे धुकं तेव्हा तिनं दोनदा वाचलं होतं आणि कौतुकानं खालच्या अनुसयाबाईंनाही वाचून दाखवलं होतं. आता तिनं कार्ड उजेडाकडे धरून टपालाचा शिक्का पाहिला. नुसता काळा डाग, त्यात तारखेचा एक आकडा. गावाचं नाव शाईत बुडालेलं.

जमिनीवर ओला पंचा अंथरून ती आडवी झाली. तिथे एक बाई असणार. हा विचार इतका सरळ आला की तिला त्याचं आश्चर्यच वाटलं, जणू बाई दोन वर्षं जिन्यात ताटकळत उभी होती आणि आज दार उघडं दिसलं म्हणून आत आली. रत्नप्रभेनं तिला नीट पाहण्याचा प्रयत्न केला. तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात छत्री दिली, तिला तलावाच्या काठानं वसंतरावांच्या बरोबरीनं चालवलं. पण चेहरा काही केल्या बसेना. दर वेळी तिथे वसंतरावांच्या बहिणीचा, कराडच्या रमावन्संचा, चेहरा येऊन बसे आणि त्या बाईच्या कपाळाला आठ्या पडत. वेगळी वेळ असती तर ती हसली असती. तिला आठवले ते परत आलेले वसंतराव. बारीक झालेले, पण किती हलके. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून जर्दाळू काढून तिच्या ओंजळीत ओतले होते, निम्मे वाटेतच नासलेले, आणि नासलेलेही चांगले लागतात म्हणून स्वतः खाल्ले होते. महिनाभर भाजीला नाव ठेवलं नव्हतं. न्हाणीघरात गुणगुणायचे. रस्त्यानं चालताना उगाच मागे वळून ती येते आहे ना ते बघायचे. तेव्हा तिला वाटलं होतं, थंड हवेचा गुण. आता ते सगळं उलगडून उलटं दिसायला लागलं. काहीतरी करून सुटलेल्या माणसाचा हा हलकेपणा. पकडले न गेल्याचा आनंद.

पण मग तिनं विचारलं का नव्हतं? वर्ग वाढवला म्हणजे कसा, बाकीचे लोकही थांबले का, त्यांच्या कचेरीतले दोघे तर त्याच दिवसांत बाजारात दिसले होते, हेही आत्ता आठवतंय म्हणजे तेव्हा दिसलं होतंच. चौडा रास्ता पेठेत कापडाच्या दुकानाशी उभे होते. तिनं मान वळवून घेतली होती आणि पुढे गेली होती. का?

दारात अनुसयाबाई उभ्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या सुभेदार हिंदुरावांच्या या मंडळी, खटावकडच्या. सुभेदार वर्षातले आठ महिने सरहद्दीवर आणि या इथे जयपुरात दोन मुलं आणि एक तुळस सांभाळून. विरजणाला ताक मागायला आल्या होत्या. वाटी भरून देताना रत्नप्रभेनं स्वतःलाही न विचारता त्यांना विचारलं, की सुभेदार गेले म्हणजे तुम्हाला वाटतं तरी कसं? अनुसयाबाईंनी वाटी पदराखाली घेतली, जिन्याकडे एकदा बघितलं.

“खरं सांगू का ताई? पैलं दोन दिस घर खायाला उठतं. मंग बरं वाटाया लागतं. आन मंग बरं वाटतंय म्हून वंगाळ वाटतं.”

एवढं बोलून त्या खाली गेल्या. रत्नप्रभा दाराला धरून उभीच राहिली. कारण उत्तर तिथेच होतं, आणि ते वसंतरावांचं नव्हतं, तिचं होतं.

ते वर्ग वाढल्याचं कार्ड तिनं याच दारात वाचलं होतं. अलका तेव्हाही साताऱ्यालाच होती. कार्ड वाचून झाल्यावर आपल्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्याचं तिला अगदी स्पष्ट जाणवलं होतं, पाण्याची भरलेली घागर कुणी मागून अलगद काढून घ्यावी तसं. आणखी दहा दिवस. पुढचे दहा दिवस तिनं कुणाच्याही वेळेवर काही केलं नाही. दुपारी तीनला न्हाली. सकाळचा भात संध्याकाळी दह्यात कालवून ओट्याशी उभं राहून खाल्ला. भर दुपारी फरशीवर हातपाय पसरून झोपली, अंगात झंपर नसताना, आणि जागी झाली तेव्हा किती वाजले आहेत हे कळू नये म्हणून तशीच पडून राहिली. एके दिवशी छत्री घेऊन निघाली आणि आमेरच्या बसमध्ये बसली. आमेरला तिला काही बघायचं नव्हतं. किल्ला पाहुण्यांबरोबर चारदा बघून झाला होता. खाली मावठा तलावाचं पाणी आटून चिखल झाला होता आणि त्या चिखलात म्हशी बसल्या होत्या. काठाच्या दगडी पायरीवर सावली बघून ती बसली. एका वाटाड्यानं येऊन विचारलं, “किसका इंतज़ार है बहनजी?” आणि ती म्हणाली, “किसी का नहीं।” हे वाक्य बोलल्यावर तिला इतकं बरं वाटलं की ते तिनं बसमध्ये परत येताना मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. कचेरीतले ते दोघे दिसले ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यांना बघून तिनं मान वळवली, कारण त्यांनी काही सांगितलं असतं तर ते दिवस संपले असते. तिला विचारायचंच नव्हतं. नवरा कुठे आहे यापेक्षा तो इथे नाही हे तिला त्या दहा दिवसांत पुरत होतं. आणि एकविसाव्या दिवशी टांग्यातून उतरलेल्या वसंतरावांना बघून आनंद झाला नव्हता असंही नाही, खराच झाला होता; फक्त त्या आनंदाच्या खाली एक पातळ थर होता, शाळेची सुट्टी संपल्यासारखा, आणि तो तिनं आजवर कुणाला दाखवला नव्हता. तेव्हा आता त्या बाईबद्दल कुठल्या तोंडानं विचारायचं? राग यायला हवा होता, तो तिच्या मनात नीट उभाच राहीना. तो उठू बघे आणि ही आमेरची पायरी त्याच्या पायात येई.

वसंतराव सहाला आले. सायकल जिन्याखाली लावून, पाय धुऊन ते गच्चीत खुर्चीवर बसले. गच्चीवर पाणी शिंपडलेलं होतं, त्याची वाफ अजून निघत होती, दूर नाहरगडाच्या अंगावर उजेड तांबूस झाला होता. तिनं चहाची बशी ठेवली आणि बशीशेजारी पत्र. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता पत्र धरलेल्या बोटांकडे बघत होती. बोटं त्या ओळीपाशी आली असावीत, कारण ती तिथे थांबली आणि फार वेळ थांबली.

“मी खोटं लिहिलं होतं,” वसंतराव म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, कचेरीतली हकिगत सांगतात तसंच, क्रमानं, आवाज न चढवता. वर्गाच्या सातव्या दिवशी सकाळी तोंड धुताना त्यांना खोकल्याची उबळ आली आणि नळाखालच्या कुंडीत गुलाबी पाणी दिसलं. पुन्हा खोकले तेव्हा लाल. नळ सोडून त्यांनी ते वाहून जाऊ दिलं आणि कुंडी हातानं घासली. शेजारच्या खोलीत त्यांच्याच कचेरीतले दोघे होते. त्यांना कळू नये एवढंच तेव्हा सुचलं. पुढचं सगळं त्यांना बसल्या जागी दिसलं, कारण ते आधी एकदा घरात होऊन गेलं होतं. इथे रत्नप्रभेनं मान वर केली. प्रभाकरभावजी. वसंतरावांचे थोरले भाऊ, ती लग्न होऊन आली त्याच्या पुढच्याच वर्षी मिरजेच्या दवाखान्यात क्षयानं गेलेले. त्याआधीचे पाच महिने ते घरातच होते, मागच्या खोलीत, आणि नव्या सुनेकडे त्यांचं ताट उंबऱ्यापर्यंत नेऊन ठेवायचं काम होतं. उंबऱ्याच्या आत नाही. ते आतून म्हणायचे, “ठेवलंस का गं?” आणि ती गेल्याशिवाय ताट ओढून घ्यायचे नाहीत. तो ताट ओढल्याचा आवाज तिला बेचाळीस सालापासून ऐकू यायचा थांबला नव्हता, फक्त तो कशाचा आहे हे ती विसरली होती.

नैनितालपासून सात मैलांवर भोवालीला क्षयाचं मोठं इस्पितळ आहे, वसंतराव सांगत होते. वर्ग संपल्यावर सगळ्यांबरोबर ते बसस्टँडवर आले आणि सगळे काठगोदाम स्टेशनच्या बसमध्ये बसल्यावर, एका ओळखीच्या माणसाकडे जाऊन येतो म्हणून ते भोवालीच्या बसमध्ये चढले. तिथे एका म्हाताऱ्या पहाडी बाईची खोली घेतली. छातीचा फोटो काढला, पण डॉक्टर म्हणाले एका फोटोवर सांगत नाही. थुंकी चार-पाच वेळा तपासू, दहा दिवसांनी पुन्हा फोटो काढू. रोज सकाळी इस्पितळात जायचं आणि मग दिवसभर चिडाच्या झाडांखाली बसायचं. आजूबाजूला रोगी कांबळी पांघरून आरामखुर्च्यांत पडलेले असत. त्यांच्यात आणि आपल्यात किती अंतर ठेवावं हे न कळून ते दोन झाडांमध्ये कुठेतरी बसत.

“आणि तलाव?” तिनं विचारलं.

“तिथून तलाव दिसत नाही. मधे डोंगर आहे. पहिल्या आठ दिवसांत वर्गाला जाता-येता पाहिला होता, तो आठवून लिहायचो.”

“धुकं पण?”

“धुकं मनानंच लिहिलं.”

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही फोटो काचेवर शेजारी शेजारी लावले आणि छाती स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. घशातली एखादी बारीक शीर कोरड्या खोकल्यानं फुटली असावी, राजस्थानची धूळ. मिठाच्या गुळण्या करा आणि घरी जा. काठगोदामच्या फलाटावर त्यांनी आठ पुऱ्या खाल्ल्या. सांगायला हवं होतं हे त्यांना कळत होतं. पण असतं तर सांगावंच लागलं असतं. नव्हतं म्हटल्यावर कशाला, असं वाटलं. आणि मग सांगायचे दिवसच निघून गेले. आता पुन्हा तिकडे जावंसं वाटतं ते एवढ्यासाठीच, की तो तलाव एकदा स्वस्थपणे बघायचा आहे.

बाई नव्हती, हे रत्नप्रभेला आधी कळलं, आणि त्या सुटकेचीच तिला लाज वाटली. मग ती कुंडी दिसली, लाल पाणी दिसलं, आणि दोन वर्षांपूर्वी येऊन गेलेलं भय आत्ता, उशिरा, पाय न वाजवता तिच्या अंगावर आलं. खुर्चीतला हा माणूस नसताही. मग तो खुर्चीत आहे हे दिसलं. चहा बशीत ओतून पितो आहे. मिशीला थेंब आहे. ते बघता बघता तिच्या तोंडून निघून गेलं.

“मला ते दहा दिवस बरं वाटत होतं.”

वसंतरावांनी बशी खाली ठेवली. बरं म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं, आणि तिनं सांगितलं. तीनची आंघोळ, ओट्याशी खाल्लेला भात, आमेरची पायरी, बाजारात वळवलेली मान. सांगताना तिला वाटत होतं आपण एकेक भांडं फोडतो आहोत. पण फुटल्याचा आवाज येत नव्हता. ते ऐकत होते. बशीच्या कडेवरून अंगठा गोल गोल फिरवत होते, आणि त्या फिरण्यावरून तिला दिसलं की त्यांना लागलं आहे. लागणारच होतं. ती थांबली नाही. सांगून झालं तेव्हा खालच्या रस्त्यावरून उंटगाडी चालली होती.

“मी तिथे झाडाखाली बसून एकच घोकत होतो,” वसंतराव म्हणाले, “की ही इकडे रडत नसावी.” आणि बशी बाजूला सारून, “नव्हतीस रडत. बरं झालं.”

त्या ‘बरं झालं’मध्ये थोडा कडवटपणा होता आणि पुष्कळसा खरेपणा होता, आणि दोन्ही वेगळे करायची तिला गरज वाटली नाही. पंधरा दिवस जेवणाच्या ताटावर अडलेला प्रश्न मग आपोआप निघाला. साहजींना उत्तर हवं होतं. वसंतरावांची रजा मोजकी, जाण्यायेण्याचे दिवस सोडले तर हाती आठ उरत होते. आठ लिहू का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणणार होती.

“तुम्ही आठ दिवसांनी परत या,” ती म्हणाली. “मी मागे पाच दिवस राहते.”

एकटी? एकटी. लोक काय म्हणतील हे त्यांनी विचारलं नाही, पण ते त्यांच्या मनात येऊन गेलेलं तिला दिसलं. विचारलं ते गाडीचं. काठगोदामला साहजी बसवून देतील, आग्रा फोर्टला तुम्ही उतरवून घ्या, ती म्हणाली. साहजींची बायको लॉजमध्येच असते, तुम्हीच सांगितलं होतं. तिथे पाच दिवस करशील काय, यावर माहीत नाही असंच तिनं सांगितलं. वसंतराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

“मला काय लिहिशील?”

“जे असेल ते.”

तसंच झालं. आठ दिवस दोघांनी तलाव पाहिला. वसंतराव काठावरच्या बाकावर तासन् तास बसत आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी बोलत. एकदा ते भोवालीला तिला घेऊन गेले, पण इस्पितळाच्या फाटकावरूनच परतले, आणि परतताना दोघांनी वाटेत भुट्टे खाल्ले. नवव्या दिवशी वसंतरावांची बस निघाली तेव्हा तिला अनुसयाबाईंनी सांगितलं तसंच झालं, फक्त दोन दिवसांऐवजी एकच दिवस जड गेला. मग बरं वाटायला लागलं, आणि त्याचं वाईट वाटायची ती वाट पाहत राहिली, पण ते आलं नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. खिडकीतून पाणी आणि आभाळ एकच राखाडी दिसत होतं आणि तिनं कार्डावर लिहिलं, आज तलावाचा कंटाळा आला, तुमची आठवण झाली, पण यावंसं वाटत नाही. टपाल कचेरीतल्या शिक्क्याची शाई फिकी होती. गावाचं नाव स्वच्छ उमटलं.

आग्रा फोर्टच्या फलाटावर वसंतराव अर्धा तास आधी येऊन उभे होते. कार्ड मिळालं का, तिनं विचारलं. खिशातच आहे, ते म्हणाले. जयपूरच्या गाडीत खिडकीची जागा तिला देऊन ते समोर बसले, आणि तिनं बोलायला सुरुवात केली: साहजींच्या बायकोला मराठी पोळी कशी येईना, एकटीनं होडी केली तेव्हा नावाड्यानं किती वेळा मागे वळून पाहिलं, पाचव्या दिवशी ती वरच्या देवळापर्यंत न थांबता कशी चढली. बांदीकुई येईपर्यंत ती बोलत होती. बांदीकुईनंतर वसंतरावांची मान छातीवर आली. तोंड किंचित उघडं, श्वास स्वच्छ, घरघर नाही. तिनं एक वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं, डब्यातून पुरी काढली, आणि बाहेरच्या उन्हातली बाभळीची झुडपं बघत सावकाश खाल्ली. जयपूरच्या अलीकडचं बस्सी गेलं तसं तिनं त्यांच्या गुडघ्याला हात लावून त्यांना उठवलं.